फरशीखालचा हिशेब



कार्तिकी पौर्णिमा झाली, की साधू-साध्वीजींचे विहार सुरू होतात आणि आपल्या घराघरांतून बांधकामाच्या गोष्टीही निघू लागतात. जळगावात कुणी नव्या वसाहतीतल्या प्लॉटवर काम काढतो, धुळ्यात कुणी वडिलोपार्जित घराचा तळमजला नव्याने करून घेतो, कुणाला मुलाच्या लग्नाआधी बैठकीची फरशी बदलायची असते. गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांनी, विशेषतः भगिनींनी, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे : घरात खरा दगड घालायचा आहे, तर संगमरवर घ्यावा, ग्रॅनाइट घ्यावा की कोटा?

या प्रश्नाचे उत्तर पुढे देतो. त्याआधी आमच्या घरी घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. तीत फसवणारा कुणी नव्हता. चूक माझी होती, म्हणूनच ती सांगायला इतकी वर्षे लागली.

किशनगडचे दोन दिवस

आमची पेढी धान्याची. वडिलांनी धुळ्याला बांधलेल्या घरात शहाबादी फरशी होती. करडी, साधी, छिन्नीने कडा घडवलेली. त्या फरशीवर आम्ही भावंडे रांगलो, वैशाखाच्या दुपारी उघड्या अंगाने लोळलो, पर्युषणात आसने टाकून प्रतिक्रमणाला बसलो. चाळीस वर्षांत तिच्यातली एक लादी हलल्याचे मला आठवत नाही.

पुढे व्यवसाय जळगावी आला आणि मी तेथे घर बांधायला घेतले. शुभ्र संगमरवराची हौस होती. राजस्थानात किशनगडच्या बाजारात जाऊन मी स्वतः लाद्या निवडल्या. दोन दिवस उन्हात उभा राहिलो, शिरेला शीर जुळवून पाहिली, भावात घासाघीस केली. तो दगड ज्या जमिनीवर बसायचा होता, तिच्याकडे मात्र मी दोन मिनिटेही लक्ष दिले नाही.

प्लॉट काळ्या मातीचा होता. पाया खणताना निघालेली तीच माती जोत्यात परत भरली गेली. फरशीचे काम घेणारे गवंडी वयस्क होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊ, ही भर काढा आणि मुरूम टाका. तेवढे जमत नसेल तर निदान एक पावसाळा तिला बसू द्या." मी हसून नकार दिला. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त निघालेला होता आणि पत्रिका छापून झाल्या होत्या. चैत्राच्या उन्हात काम सुरू झाले. सकाळी कालवलेला माल दुपारपर्यंत करपत होता. आठ दिवस पाणी मारू द्या, अशी विनंती गवंड्यांनी केली. मी चौथ्या दिवशी पॉलिशचे यंत्र आणून उभे केले.

वास्तू झाली. पाहुण्यांनी फरशीत आपापले चेहरे पाहिले आणि वाखाणणी केली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चालताना काही ठिकाणी पोकळ आवाज येऊ लागला. तिसऱ्या पावसाळ्यात बोळातल्या एका लादीचा कोपरा दोन सूत वर आला. "दिवाळीनंतर पाहू," असे मी म्हणत राहिलो.

माझ्या आईला घरात सगळे 'बाई' म्हणत. रोज पहाटे, उजाडण्यापूर्वी, दिवा न लावता त्या सामायिकासाठी आपल्या जागी जात. आश्विनातल्या एका पहाटे त्यांच्या पायाचे बोट त्या कोपऱ्याला अडखळले. मांडीचे हाड खुब्यात मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्या वॉकर धरून चालूही लागल्या. पण जमिनीवर बसणे कायमचे सुटले. पुढची चार वर्षे त्यांनी खुर्चीवर बसून सामायिक केले. एकदाच, तेही शांतपणे, त्या मला म्हणाल्या, "दुकानात पोत्याच्या तळापर्यंत परखी घालून माल बघतोस. घराचा माल मात्र वरूनच बघितलास."

आपण व्यापारी माणसे. वरचा दाणा टपोरा आहे म्हणून आपण पोते घेत नाही. फरशी घेताना मात्र हे सारे शहाणपण दुकानात ठेवून येतो. म्हणून या वेळचे सदर बाईंच्या त्या वाक्यावर लिहितो आहे.

दगडाची जात ओळखा

खानदेश हा काळ्या पाषाणाचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा दगड झाला. जळगावपासून साधारण साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या लेणी त्याच पाषाणात कोरलेल्या आहेत. आपल्या जुन्या घरांचे जोते, पायऱ्या, जाते, पाटा-वरवंटा हे सारे त्याचेच. परंतु हा दगड सरळ पातळ थरांत सुटत नाही, म्हणून फरशीसाठी आपल्याकडे बाहेरचा दगड आला. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा, तांडूरचा, आंध्रातल्या कडप्प्याचा, राजस्थानातल्या कोट्याचा. हे चारही चुनखडीचे दगड होत. संगमरवर हाही मुळात चुनखडीच. भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने तिचे रूप पालटलेले. मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला, म्हणून त्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ग्रॅनाइटचे कुळ अगदी वेगळे. तो भूगर्भात थंड झालेल्या तप्त रसाचा दगड आणि त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात.

ही जात ठाऊक असली, की निम्मे प्रश्न सुटतात. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा मापाने मोजतात. संगमरवरातले कॅल्साइट त्या मापावर तीन, तर गार सात. रस्त्यावरून चपलेबरोबर येणारी वाळू बहुतांशी गारेचीच असते. म्हणजे संगमरवरावर रोज वाळूचे पाऊल पडले, तर त्याची चमक जाणारच. दाराबाहेर एक आणि दाराच्या आत एक असे दोन पायपुसणे ठेवणे, हा पॉलिशचा खर्च वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय.

दुसरी परीक्षा लिंबाची. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावेत. चमक मेली, तर दगड चुन्याच्या जातीचा. त्यावर स्वयंपाकाचा ओटा करू नये. कैरी, चिंच, ताक, लिंबू यांचे डाग तेथे रोज पडणार. काळा कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात. लिंबाचा थेंब त्यांच्यातला फरक सांगतो. स्नानगृह धुण्याचे ॲसिड चुन्याच्या दगडावर कधीही टाकू नये, तेही याच कारणाने.

तिसरी परीक्षा पाण्याची. लादी ओल्या फडक्याने पुसून सुकताना पाहावी. बारीक तडा असेल, तर सगळा दगड सुकला तरी ती रेघ काही वेळ ओलीच राहते. परदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लाद्यांच्या पाठीला जाळी आणि राळ लावलेली असते. दगड नाजूक असल्याने ती लावतात. त्यात लबाडी असतेच असे नाही. परंतु त्या जाळीवर सिमेंट नीट धरत नाही. अशा लादीसाठी कोणता चिकटवणारा माल वापरायचा, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

राहिला उष्म्याचा विचार. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो. अंगणात किंवा गच्चीवर काळा दगड घातला, तर भर दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. उन्हातल्या जागेसाठी फिकट रंगाचा, पॉलिश न केलेला दगड चांगला. बैठकीत आणि झोपण्याच्या खोल्यांत संगमरवर किंवा कोटा, ओट्यावर ग्रॅनाइट, पायऱ्यांवर आणि स्नानगृहात खरखरीत पृष्ठाचा कोटा वा ग्रॅनाइट, अंगणात शहाबादी किंवा तांडूर. सामान्य घरासाठी मी अशी वाटणी सुचवीन. घरात वृद्ध माणसे असतील, तर ओलाव्याच्या जागी आरशासारखा दगड मुळीच नको.

मोजणीत आपण कच्चे नाही, तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. लादीच्या तुटलेल्या कोपऱ्यासकट मोजमाप लावले जात नाही ना, ते पाहावे. आणि कापणीत जाणाऱ्या तुकड्यांसाठी आठ-दहा टक्के माल जास्त, तोही एकाच खेपेला एकाच लॉटचा घ्यावा. दोन वर्षांनी त्या रंगाचा तुकडा शोधायला गेलात, तर मिळण्याची शाश्वती नाही. उरलेल्या चार लाद्या माळ्यावर राहू द्याव्यात.

दगडाखाली काय आहे

आता परखी तळाला घालू. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतीशी संबंध असलेल्या कुटुंबांना हे सांगायला नको. जी माती शेतात हातभर भेगा पाडते, ती जोत्याखाली स्वस्थ बसेल अशी अपेक्षा मी केली होती. तळमजल्यावर दगड घालायचा असेल, तर जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरावा. तोही एकदम न टाकता, सुमारे अर्ध्या फुटाचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, मग पुढचा थर. त्यावर तीन-चार इंचांचे काँक्रीट. या कामाचा खर्च दगडाच्या किमतीपुढे लहान असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच त्यात काटकसर करण्याचा मोह होतो.

वरच्या मजल्यावर प्रश्न वजनाचा. अठरा मिलिमीटर जाडीच्या लादीचे वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरते. खालचा वीस मिलिमीटरचा माल आणखी चार किलो. बारा बाय पंधराच्या एका खोलीत हा भार पंधरा क्विंटलच्या आसपास जातो. पन्नास किलोची तीस पोती कायमची खोलीत रचून ठेवावीत, तसे हे आहे. जुन्या घराच्या लाकडी मजल्यावर, किंवा आहे त्या फरशीवरच दुसरी फरशी चढवताना, अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. 'वरच्यावर बसवून देतो' हे वाक्य ऐकायला सोपे असते. भार तुळईला सोसायचा असतो.

तळमजल्यावर ओल हा आणखी एक शत्रू. जमिनीतली ओल वर येताना क्षार घेऊन येते आणि गडद दगडावर पांढरा लोणा फुटतो. पुसल्याने तो तात्पुरता जातो. ओलीचा बंदोबस्त काँक्रीटच्या वेळीच करावा लागतो. दगड बसल्यावर त्याला इलाज उरत नाही.

बसवताना

लाद्या आल्या, की त्या आडव्या एकावर एक रचू नयेत. लाकडी पट्ट्यांवर, किंचित कलत्या, उभ्या ठेवाव्यात. आठ बाय पाचची एक लादी पावणेदोनशे किलोंपेक्षा जड असते. ती कलंडली तर मोठा माणूसही वाचत नाही, म्हणून मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

बसवण्यापूर्वी खोलीत लाद्या कोऱ्या मांडून पाहाव्यात. रंग, शिरा, दारातला सांधा, कापाचे तुकडे कुठे येणार, हे सारे तेव्हाच ठरते. घरातल्या स्त्रियांनी या वेळी अवश्य हजर राहावे. एकदा माल पसरला, की मत देण्याची वेळ निघून जाते.

मालाचे प्रमाण एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग धुतलेली स्वच्छ वाळू. जाडी सरासरी वीस मिलिमीटर. लादीची पाठ ब्रशने घासून, धूळ धुऊन घ्यावी. चांगला गवंडी लादी मालावर ठेवतो, लाकडी मोगरीने ठोकतो, मग पुन्हा उचलतो. मालावर उमटलेल्या ठशावरून कुठे खळगा राहिला हे त्याला कळते. तो खळगा भरून, वर सिमेंटची पातळ रबडी ओतून, मग तो लादी कायमची बसवतो. ही उचलून पाहण्याची क्रिया वेळ खाते, म्हणून घाईच्या कामात पहिली तीच गळते. पांढऱ्या संगमरवराखाली रबडी पांढऱ्या सिमेंटची असावी. करड्या सिमेंटची छटा दगडातून वर उतरते.

भिंतीलगत दोन-तीन सुतांची फट ठेवून ती स्कर्टिंगखाली झाकावी, म्हणजे दगडाला उन्हाळ्यात पसरायला जागा राहते. सिमेंटऐवजी तयार चिकट माल वापरायचा असेल, तर थैलीवर भारतीय मानक १५४७७ हा क्रमांक आहे का ते पाहावे. तो मालही ठिपक्याठिपक्यांनी न लावता लादीच्या संपूर्ण पाठीला पसरलेला हवा. घराच्या दर्शनी भिंतीवर उंच दगड लावण्याची पद्धत आपल्याकडे वाढते आहे. डोक्यावरच्या उंचीचा दगड केवळ सिमेंटच्या भरवशावर ठेवू नये. त्याला न गंजणाऱ्या पोलादाच्या पिना किंवा क्लॅम्प हवेत. खालून आपली मुले जात-येत असतात.

उन्हाळ्यात काम करायचे झाले, तर ते पहाटे आणि सायंकाळी करावे. खालचे काँक्रीट आधी भिजवावे, माल थोडाथोडा कालवावा, खिडक्यांना पडदे बांधावेत. नंतर निदान सात दिवस फरशी ओली ठेवावी आणि दोन आठवड्यांनी पॉलिश सुरू करावे. येथे एक सूचना खास आपल्यासाठी. आपल्या घरी बारदानाला तोटा नसतो. पण पांढऱ्या संगमरवरावर ओले बारदान टाकू नये. तागाचा तपकिरी रंग दगडात उतरतो आणि निघत नाही. जुने पांढरे सुती कापड वापरावे. काही संगमरवरांत लोहाचा अंश असतो. त्यावर पाणी साचवून ठेवले, तर पिवळे डाग उठतात. फरशी ओलसर असावी, तुंबलेली नसावी.

काम झाल्यावर रुपयाचे नाणे घेऊन प्रत्येक लादी चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये वाजवून पाहावी. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक लहान मुलालाही कळतो. पोकळ लादीवर खडूने खूण करावी आणि ती बदलून घ्यावी. शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा. करार करतानाच हे ठरलेले असले, म्हणजे कुणाचेच मन दुखावत नाही.

उतार, सांधे आणि जयणा

न्हाणीघर, मोरी आणि अंगण यांना उतार हवा. फुटाला एक ते दोन सूत पुरतो. उताराची परीक्षा बादलीभर पाणी ओतून करावी, आणि ती सांधे भरण्यापूर्वी करावी. पाणी अडून राहते तेथे पावसाळ्यात लीलन-फूलन धरते. शेवाळावरून पाय घसरतो हे तर आहेच. शिवाय असे अंगण असलेल्या घरी चातुर्मासात साधू-साध्वीजी गोचरीसाठी पाऊल टाकू शकत नाहीत. भावना असूनही दारातून लाभ परत जातो, आणि कारण असते फरशीचा चुकलेला उतार.

सांध्यांचेही तसेच. सांधा नीट भरला नाही, तर त्यात अन्नाचे कण अडकतात, मुंग्या येतात, आणि मग आपण त्यांच्यावर औषध मारायला निघतो. जयणेची खरी वेळ मुंग्या आल्यावर येत नाही. ती सांधा भरतानाच येऊन गेलेली असते. काळजीपूर्वक भरलेली फरशी हे अहिंसेचे रोजचे, न दिसणारे साधन आहे.

आणखी एक विचार. आपल्या शास्त्रांत पृथ्वीकायाचे जीव सांगितले आहेत आणि भूमी फोडण्याच्या धंद्याला श्रावकासाठी वर्ज्य कर्मादानांत गणले आहे. आपण खाण खोदत नाही, पण खाणीतला माल घेतो. गृहस्थाला घर हवेच. म्हणून दगड घेऊच नये असे मी म्हणणार नाही. परंतु घेतला तर गरजेपुरता घ्यावा आणि असा बसवावा, की तो पुन्हा उखडावा लागू नये. मी उखडलेला संगमरवर दोन ट्रॉल्या भरून गेला. पैशाचा तोटा वहीत लिहिता आला. बाकीचा लिहायला रकाना नव्हता.

कापणाऱ्याची छाती

घरात दगड कापला जातो, तेव्हा उडणारी धूळ आपण पडदा ओढून अडवतो. कापणारा मात्र त्या धुळीतच उभा असतो. ग्रॅनाइटमध्ये आणि वालुकाश्मात गारेचे प्रमाण मोठे. तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात बसली, की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ओट्यासाठी हल्ली 'क्वार्ट्झ' म्हणून जो कृत्रिम दगड विकतात, त्यात तर पुष्कळदा नव्वद टक्क्यांहून अधिक गारच असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या लाद्या बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली, ती कारागिरांच्या फुप्फुसांसाठीच. राजस्थानात दगडखाणींतल्या आणि घडाईच्या कामांतल्या मजुरांत हा रोग इतका आहे, की तेथील सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले.

आपल्यातल्या कित्येकांचे पूर्वज ज्या मारवाडातून खानदेशात आले, त्याच मुलखातून हा दगड आणि पुष्कळदा तो बसवणारे कारागीरही येतात. घरमालक म्हणून आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, कटाई पाण्याखाली आणि उघड्यावर व्हावी, कोरडी कटाई नको, हे कामाच्या अटीतच लिहावे. त्याला लागणारा जास्तीचा वेळ आणि मजुरी आपण द्यावी. दुसरी, चांगल्या प्रतीचे मुखपट्टे आपणच आणून द्यावेत. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. आपल्या पूजेत, स्वाध्यायात सूक्ष्म जीवांसाठी मुखवस्त्रिका असते. समोर काम करणाऱ्या पंचेंद्रिय माणसाला मुखपट्टा देणे त्याहून अवघड नसावे.

पॉलिशचे दुधाळ पाणीही गटारात सोडू नये. ते खड्ड्यात किंवा पिंपात निवू द्यावे. वरचे पाणी पुन्हा घोटाईला वापरता येते आणि तळाचा गाळ वाळवून भरावात टाकता येतो. आपल्याकडे पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

धुळ्याची फरशी

यंदा पुतण्याने धुळ्याचे जुने घर दुरुस्तीला काढले आणि वडिलांच्या शहाबादी लाद्या उचलाव्या लागल्या. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. पहारीला एकेक लादी दाद देईना. खाली चुन्याचा कोबा निघाला, त्याखाली ठोकून ठोकून दगड झालेला मुरूम. काळ्या मातीचे ढेकूळ कुठे दिसले नाही. वडिलांनी त्याविषयी कधी अवाक्षर काढले नव्हते. त्या घराच्या खर्चाच्या वहीत 'मुरूम व धुम्मस' अशी एक ओळ आहे. ती मी पूर्वी अनेकदा वाचली होती आणि तिचा अर्थ मला कळला नव्हता.

लाद्या वरून झिजल्या होत्या, पाठीकडून कोऱ्या होत्या. पुतण्याने त्या पालथ्या करून, कडा घडवून, अंगणात बसवायचे ठरवले आहे. आत कोटा येतो आहे. गवंड्याने भर बसायला आणि पाणी मारायला पंधरा दिवस जास्त मागितले. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मुहूर्त पुढचा काढा. पत्रिका अजून छापलेल्या नाहीत.